वाघडोहची लाल गंगा

"अरे बिसन, डोंगा सरळ ने ना! असा तिरका काहून चालून राहिला?" शरू ओरडला.

"मी कुठी नेऊन राहिलो गा?" बिसननं वल्हं पाण्याबाहेर काढून दाखवलं. त्यावरून टपटप थेंब गळत होते. "हे पाह्य! वल्हं माह्या हातात हाये. डोंगा आपल्याच मनानं चालला!"

चारूनं डोंग्याच्या कडा घट्ट धरल्या. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली होडी. तिघं बसली की तिची कड पाण्याला टेकायची. आणि आता ती कुणी दोरीनं ओढावं तशी पाळीकडे सरकत होती. वारा नव्हता. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

नागपुरातल्या सक्करदऱ्याची चारुशीला, म्हणजे चारू, दिवाळीच्या सुटीत यमुताईमावशीकडे वाघडोहला आली होती. नागपूरहून एस.टी.नं उमरेडच्या पुढे, आणि मग बैलगाडीनं, असं हे गाव. शरच्चंद्र ऊर्फ शरू हा तिचा मावसभाऊ. बिसन ढिवरांचा, त्याचं घर तलावावरच्या मासोळीवर चालायचं, आणि त्याला चालण्याआधी पोहता येत होतं असं शरू सगळ्यांना सांगायचा. वाघडोहचा तलाव एवढा मोठा, की पलीकडचा काठ सकाळच्या धुक्यात दिसायचाच नाही. त्या सगळ्या पाण्याला अडवून धरलं होतं ते एकट्या पाळीनं. पाळ म्हणजे मातीचा जुना, उंच बांध. बांधाच्या एका अंगाला पाणी, आणि दुसऱ्या अंगाला, पाण्याच्या पातळीहून कितीतरी खाली, गाव.

"ते बघा!" चारू एकदम म्हणाली.

पाळीला लागून परातीएवढा एक भोवरा फिरत होता. शिंगाड्याच्या वेलीची पानं त्यात गोल गोल फिरायची, मधोमध यायची आणि गडप व्हायची. कुणी बशीतून चहा ओढावा तसा आवाज येत होता. सुर्र... सुर्र...

"पाताळातला राक्षस चहा पिऊन राहिला असन!" शरू म्हणाला. कुणी हसलं नाही. त्याला स्वतःलाही हसू आलं नाही.

"काल हा भोवरा नव्हता," बिसन हळूच म्हणाला. "इथंच त मी रोज जाळं टाकतो." आणि वल्हं पाण्यात खुपसून त्यानं सगळा जोर लावला. डोंगा कुरकुरला, थरथरला आणि एकदाचा मागे हटला.

पाळीवर नीला वाट बघत उभी होती. नीला खालच्या वस्तीतली. तिच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन बुद्धधम्माची दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून खालच्या वस्तीच्या दारांवर निळे झेंडे होते. वस्ती पाळीच्या अगदी पायथ्याशी, गावातल्या सगळ्यांत खोलगट जागी.

"झालं का तुमचं जलपर्यटन?" नीला म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती. "आमचं आंगण पुन्हा ओलं झालं. आईनं राख टाकली, धानाची तणीस टाकली. सारं भिजून जाते. ती तुमची गंगा सरळ आमच्या घरात येऊन राहिली!"

*

गंगेची हकीकत अशी. हरिनाम सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी देवळामागं, पाळीच्या पायथ्याशी, जमिनीतून पाणी उसळू लागलं होतं. स्वच्छ, थंडगार. भर सप्ताहात, देवाच्या दारात, कोरड्या जमिनीतून पाणी! गावानं हात जोडले. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, झऱ्याभोवती दगडांचं आळं केलं, आणि त्याच पाण्याचं तीर्थ सुरू झालं.

वाघडोहात कीर्तन दुपारचं व्हायचं. धान कापणीला आलेलं. रात्री पुरुषमाणसं रानडुकरांपासून राखण करायला शेतावर जायची. म्हणून उन्हं कलली की देवळापुढच्या मांडवात सगळं गाव जमायचं. विश्वनाथबुवा उभे राहिले, त्यांनी झांजांचा पहिला ठोका दिला, की चारूला पोटात गोड गोड व्हायचं. नागपूरला आजीबरोबर तिनं पुष्कळ कीर्तनं ऐकली होती. पण विश्वनाथबुवांसारखा गळा नाही! ते 'विठ्ठल' म्हणत तेव्हा मांडवाचे बांबूसुद्धा ऐकत आहेत असं वाटायचं.

कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा उपदेश करतात, उत्तररंगात गोष्ट सांगतात. मधे बुवांना हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात, आणि बुवा घोटभर सुंठेचं पाणी पितात. वाघडोहात एवढ्या वेळात सरपंच भैय्याजी उभे राहून ग्रामपंचायतीची खबरबात सांगायचे. गाव एरवी गोळा होतं कुठं?

"पहिली खबर!" भैय्याजींनी मिशीवरून हात फिरवला. "एक तांबडी गाय, शिंग मोडकं, कोंडवाड्यात बसून आहे. ज्याची असन त्यानं न्यावी. ती कोतवालाचं धोतर खाऊन राहिली!"

मांडव हसला.

"दुसरी. सोमवारी लस टोचणारे येतील. मागच्या खेपेस माळ्यावर कोण कोण लपलं होतं ते मले ठाऊक आहे! तिसरी. यंदा आपला तलाव कसा काठोकाठ भरला, पाहिला? लोक समुद्र पाहाले कोकणात जातात. काहून जाता गा? आपलं वाघडोहच आता किनाऱ्यावरचं गाव!"

टाळ्या! शिट्ट्या!

"अन् चौथी खबर. काल्याच्या दिवशी पंचायत समितीचे सभापती स्वतः येऊन राहिले. तलाव पाहतील, गंगेची पूजा करतील. एकदा का इथं तीर्थ झालं, जत्रा भरू लागली, की गावाले पक्की सडक मिळालीच समजा!"

तीर्थाची पळी फिरत फिरत चारूपर्यंत आली. तिनं ओंजळ पुढे केली आणि तशीच थांबली. पाणी काल काचेसारखं होतं. आज त्याला चहासारखा रंग होता. तळहातावर बारीक माती उतरली होती, आणि मातीत हिरवा तुकडा. शिंगाड्याचं पान!

तिच्या डोळ्यांपुढे भोवरा फिरला. सुर्र... सुर्र...

कीर्तन संपल्यावर चौघांनी भैय्याजींना गाठलं. चारूनं सगळं सांगितलं. "काका, ही गंगा नाही. तलावच पाळीतून वाट काढून राहिला! आज माती वाहून येते आहे. म्हणजे पाळ आतून पोखरली जाते आहे."

"बेटा, तू नागपूरच्या नळाचं पाणी पिणारी," भैय्याजी हसले. "गंगेचं पाणी गढूळच असते!"

"मग सांडव्यावरच्या फळ्या त काढा," बिसन म्हणाला.

भैय्याजींचं हसू मावळलं. सांडवा म्हणजे तलाव भरला की जादा पाणी निघून जायची वाट. तलाव तुडुंब दिसावा म्हणून भैय्याजींनी त्या वाटेत फळ्या ठोकून ती बंद केली होती. पाळीनं आजवर पेललं नव्हतं एवढं पाणी यंदा तिच्या छातीवर उभं होतं.

"सभापतींनी काय अर्धा तलाव पाहावा?" ते करडेपणानं म्हणाले. "काला झाला की काढू. अन् ध्यानात ठेवा. गावात असलं काही बोलले, लोक घाबरून पळाले, सप्ताह मोडला, तर ते पाप तुमच्या माथी! समजलं?"

यमुताईमावशीनंही दटावलं. "चारू, गंगेला असं म्हणू नये गं. शरूच्या नादी लागून तुलाही भलतंच सुचायला लागलं!"

"वा! नेहमी माझंच नाव!" शरू पुटपुटला.

*

संध्याकाळी चौघं पाळीच्या पायथ्यानं खालच्या वस्तीकडे निघाली. उन्हं पाळीमागे गेली होती आणि पाळीची सावली गावावर लांबच लांब पडली होती. नीला मधेच थबकली.

"खाली पाहा."

खेकडे! बिळं सोडून, आडवे आडवे, ते पाळीपासून दूर चालले होते. लहान, मोठे, सगळे एकाच दिशेनं. बिसननं एकालाही हात लावला नाही. बिसन आणि खेकडा सोडतो! चारूला त्याचीच जास्त भीती वाटली.

तिनं गुडघे टेकून पाळीच्या मातीला कान लावला. आधी काहीच नाही. मग खूप खोलवरून, झोपेत कुणी गुळण्या कराव्यात तसा आवाज. गुडगुड... गुडगुड...

"मी म्हणतच होती," पोरांनी घरी येऊन हे सांगितलं, तशी बाजेवर पडलेली नीलाची आजी म्हणाली. इंदूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. उठता येत नव्हतं की बसता. "रातभर जमीन बोलून राहिली. म्हातारीचं कोणी आयकत नाही."

नीलाची आई कौसल्या कडेवरच्या बाळाला थोपटत दारात उभी होती. दारात चिखल, उंबऱ्याच्या आत चिखल. "नीलाचे बाबा कळमेश्वरच्या कारखान्यात," ती म्हणाली. "मी पोराले घेऊन पळीन वं बाई. पण ह्या बाजेले चार माणसं लागतात. अन् रातच्या वक्ताले माणसं शेतावर."

चारूनं नीलाकडे पाहिलं. पाळ फुटली तर पाण्याच्या वाटेत पहिलं घर हेच. पहिली बाज हीच.

बाहेर आल्यावर शरू एकदम म्हणाला, "पुरावा! मोठी माणसं पुराव्याशिवाय ऐकत नाहीत. उद्या भोवऱ्यात गुलाल सोडायचा. गंगेतून लाल पाणी आलं, की झालं! भैय्याजी काकांना बोलावून दाखवू."

"गुलाल आणणार कुठून?" नीलानं विचारलं.

"पालखीसाठी पोती भरून आणलाय. आमच्याच कोठीत आहे!"

"म्हणजे चोरी?"

"छे छे! देवाचा गुलाल देवाच्या गावासाठी," शरू गंभीरपणे म्हणाला. "यात चोर कोण?"

*

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि गाव लवंडलं, तेव्हा चौघांनी गुलालात ओली माती कालवून त्याचे गोळे केले, म्हणजे ते तरंगणार नाहीत, सरळ खाली जातील. हात कोपरापर्यंत लाल! शरू आणि बिसन डोंग्यातून गेले. भोवरा आता परातीएवढा नव्हता. बैलगाडीच्या चाकाएवढा झाला होता. बिसननं लांबूनच एकेक गोळा फेकला. भोवऱ्यानं तो गिळला.

खाली झऱ्यापाशी चारू आणि नीला डोळ्यांत तेल घालून बसल्या. पाणी गढूळ येत होतं, पण लाल नाही. वाट बघून बघून मान दुखली. पोरं परत आली, त्यांनीही वाट पाहिली. शेवटी मांडवातून पेटीचा सूर ऐकू येऊ लागला.

"नाही आला," शरू तोंड पाडून म्हणाला. "वाया गेला गुलाल."

लाल हात पाठीमागे लपवून तिघं मांडवाच्या कडेला बसली. नीला मांडवात यायची नाही. पण बुवांच्या गोष्टी तिला फार आवडायच्या, म्हणून ती नेहमीसारखी बाहेर चिंचेखाली उभी राहिली.

बुवा त्या दिवशी गजेंद्राची गोष्ट लावणार होते. पूर्वरंगातच त्यांनी तिची चाहूल दिली. "मंडळी, तो गजराज केवढा बलवान! पण तळ्यात उतरला आणि फसला. का? पाणी वरून शांत दिसलं म्हणून! पाण्याखाली कुणाचा जबडा उघडलाय, हे त्यानं पाहिलंच नाही हो!"

चारूनं वळून चिंचेखालच्या नीलाकडे पाहिलं.

हार झाला. बुक्का लागला. भैय्याजी खबरबात सांगायला उठणार, तेवढ्यात तीर्थ आणायला गेलेली बाई किंचाळत आली. तिच्या हातातल्या तांब्यात रक्तासारखं लाल पाणी होतं.

"गंगा लाल झाली! गंगा लाल झाली!"

मांडव उसळला. माणसं झऱ्याकडे धावली. दगडांच्या आळ्यात लालभडक पाणी भळभळत होतं. बायका रडायला लागल्या, पोरं आयांना बिलगली.

"देव कोपला!" भैय्याजींचा आवाज चिरकला. "कोणी घरी जायचं नाही! साऱ्यांनी इथंच झऱ्यापाशी बसा, नाव घ्या! देव शांत होईपर्यंत उठायचं नाही!"

चारू सुन्न झाली. त्यांना वाटलं होतं, लाल पाणी दिसलं की लोक पाळीपासून दूर होतील. इथं तर सगळं गाव पाळीच्या कुशीत येऊन बसत होतं!

आणि तेवढ्यात कुणीतरी बोट दाखवलं. "ती पाहा, चिंचेखाली! ती खालच्या वस्तीतली पोरगी दुपारी इथंच बसून होती. तिनंच बाटवलं पाणी!"

सगळे चेहरे नीलाकडे वळले. नीला मागे सरली. तिची पाठ चिंचेला टेकली. गर्दी झरा सोडून मांडवाकडे, तिच्या रोखानं सरकली.

चारूला नंतर कधीच आठवलं नाही की ती कशी पळाली. आठवत होतं एवढंच, की ती मांडवात बुवांच्या जागी, नारदाच्या गादीवर उभी होती. त्या गादीवर बुवांशिवाय कुणी पाय ठेवत नाही. तिनं दोन्ही लाल हात वर केले.

"आम्ही केलं!" ती ओरडली. "आम्ही चौघांनी! हा देवाचा कोप नाही, हा पालखीचा गुलाल आहे! आम्ही तो तलावात टाकला. तलावातला गुलाल इथं आला, म्हणजे तलावही इथूनच येणार!"

शरूनं हात वर केले. बिसननं केले. आणि चिंचेखालून नीलानंही केले.

"लबाडी!" भैय्याजी गरजले. "झऱ्यातच टाकला असेल गुलाल! गादीवरून खाली उतर, पोरी!"

"उभी राहू दे तिला." विश्वनाथबुवांचा आवाज मोठा नव्हता, पण मांडव गप्प झाला. "भैय्याजी, काल तीर्थ घेताना माझ्याही ओंजळीत माती आली होती. मी डोळे मिटून प्यायलो. डोळे उघडून पाहायला हवं होतं. बाळ, पुन्हा दाखवशील?"

"हो!" चारू म्हणाली. "यावेळी हळद टाका. भैय्याजी काकांनीच टाकावी. आमच्यापैकी कुणी हात लावणार नाही."

काल्याच्या स्वयंपाकासाठी आणलेला हळदीचा डबा उचलून भैय्याजी तणतणत पाळ चढले. शरू बरोबर गेला. खाली झऱ्याभोवती गाव दाटीनं उभं होतं. वर शरूनं हात हलवला. "टाकली!"

त्याचा हात खाली यायच्या आतच आळ्यातलं पाणी पिवळं झालं.

"पिवळं! पिवळं!" पोरं ओरडली. पण चारू बुवांकडे धावली.

"बुवा," ती कशीबशी म्हणाली. "गुलाल यायला केवढा वेळ लागला होता! हळद लगेच आली. आतली वाट मोठी झाली!"

जणू तिचं बोलणं ऐकूनच, आळ्यातला एक दगड उडाला आणि पिवळं पाणी कमरेएवढं उसळलं.

*

एक बाई किंचाळली. कुणीतरी कुणाला ढकललं. आता पळापळ होणार, पोरंबाळं तुडवली जाणार, एवढ्यात ठण्ण! झांज वाजली. बुवा गादीवर होते.

"विठ्ठल... विठ्ठल..." तोच सूर, तोच ठेका, तसूभरही घाई नाही. "मंडळी, दिंडी निघाली! पोरं मधे, म्हातारी माणसं मधे, तरणे बाहेरून. मारुतीच्या टेकडीवर जायचं. टाळ सोडायचा नाही, ठेका मोडायचा नाही. ज्यांच्या अंगात जोर आहे ते पाळीवर चला!"

पाळीवरून भैय्याजी खाली आले ते पडत, उठत. चेहरा मेणासारखा. "कुदळी आणा! फळ्या तोडतो मी!" ते ओरडले आणि दहाबारा गड्यांना घेऊन सांडव्याकडे पळत सुटले. बिसन आणि ढिवरांचे गडी डोंग्यांकडे धावले. यमुताईमावशीनं कोठी उघडली. "तांदळाची पोती रिकामी करा! माती भरा! शरू, सुतळी आण, बघत काय उभा राहिलास?"

दिंडी टेकडीकडे वळणार, तोच चारू आडवी आली.

"बुवा! खालच्या वस्तीत नीलाची आजी आहे. तिला उठता येत नाही!"

बुवांनी टेकडीकडे पाहिलं, वस्तीकडे पाहिलं. टेकडीची वाट सरळ होती. वस्तीची वाट पाण्याच्या दिशेनं होती, आणि त्या वाटेनं गावाची दिंडी आजवर कधी गेली नव्हती.

"बायका-मुलांनी सरळ टेकडीवर जा," ते म्हणाले. "वीणेकरी त्यांच्याबरोबर. पालखी माझ्याबरोबर."

"पालखी?" भोई गोंधळले. फुलांनी सजवलेली पालखी तयार उभी होती. आत देवाच्या पादुका. बुवांनी वाकून पादुका उचलल्या, आपल्या पागोट्यावर ठेवल्या आणि चालू लागले.

वस्तीत पाणी घोट्याच्या वर आलं होतं. घराघरांतून माणसं गाठोडी घेऊन निघत होती. नीला पुढे, चारू मागे. कौसल्या बाळाला छातीशी धरून सासूच्या बाजेपाशी उभी होती. तिनं एकटीनं बाज ओढत दारापर्यंत आणली होती, आणि तिथं ती अडकली होती.

"आजी, चला!" बुवा म्हणाले. "पालखी आणली आहे."

इंदूबाईंनी फुलांच्या पालखीकडे पाहिलं. "अगा बुवा, मी त बुद्धाची लेक. तुमच्या देवाच्या जागी मले बसवता?"

"देव माझ्या डोक्यावर बसलाय, माय. जागा रिकामी आहे. आता वाद घालायला वेळ नाही!"

भोयांनी एकमेकांकडे पाहिलं. क्षणभरच. मग पुढचा भोई चिखलात उतरला आणि त्यानं म्हातारीला लेकरासारखं उचललं. पालखी उठली. मागे घराची मातीची भिंत पाण्यात बसली, धप्प! नीलानं वळून पाहिलं. चारूनं तिचा हात धरून तिला ओढलं.

टेकडीवरून सगळं दिसत होतं. पाळीला मधोमध खळगा पडला होता. भोवऱ्याच्या तोंडावर ढिवरांचे डोंगे एकमेकांना बांधून उभे होते. पोत्यामागून पोतं पाण्यात जात होतं. पहिली पोती भोवऱ्यानं तणसासारखी गिळली. खळगा आणखी खचला. बायकांच्या भजनाचा सूर थरथरला, पण तुटला नाही. बिसन पुन्हा पुन्हा बुडी मारत होता, वर येऊन हातानं दाखवत होता, 'इकडे! इकडे!' आणि मग सांडव्याकडून एक मोठा कडकडाट झाला. फळ्या तुटल्या! अडवलेलं पाणी आपल्या जुन्या वाटेनं, नाल्याकडे, गर्जत सुटलं.

हळूहळू, फार हळूहळू, पाळीवर ओल्या मातीची एक रेघ दिसू लागली. पाणी उतरत होतं. खाली झऱ्याची उसळी कमरेवरून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून घोट्यावर.

"पाळ टिकली!" डोंग्यावरून हाक आली. "टिकली गा, टिकली!"

*

निरोप घेऊन पिटाळलेल्या कोतवालाबरोबर दिवेलागणीच्या सुमारास पाटबंधारे खात्याची जीप आली. इंजिनियर साहेबांनी कंदील धरून खळगा पाहिला, पोती पाहिली, आणि मग ते टेकडीवर आले.

"उद्यापर्यंतही टिकली नसती," ते म्हणाले. "रात्रीतून गेली असती, आणि गाव झोपेत असतं. कुणाच्या ध्यानात आलं हे?"

भैय्याजी पुढे झाले. त्यांचे तळहात कुदळीनं सोलले होते. "माह्या ध्यानात नाही आलं, साहेब," ते म्हणाले. "पोरांनी मले सांगितलं होतं. मी त्यांचं तोंड बंद केलं. फळ्याही माह्याच." मग ते इंदूबाईंकडे वळले. "माय, तुझी भिंत मी बांधून देईन. मजूर नाही लावणार. मीच बांधीन."

"बांध," इंदूबाई पालखीतून म्हणाल्या. "पण आधी मले उतरवा गा कोणी! मानाची जागा हाये, पण कंबर मोडून राहिली!"

सगळे हसले. रडत होते तेही हसले.

"पण ती पोरं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं. "त्यांची नावं मला कलेक्टर साहेबांना कळवायची आहेत. अशी नजर, असं धाडस मोठ्या माणसांतही सापडत नाही!"

यमुताईमावशीनं बोटानं दाखवलं. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, तणसाच्या ढिगात, चौघं एकमेकांवर कलंडली होती. बिसनचे केस अजून ओले होते. शरूचं तोंड उघडं होतं. चारूचे डोळे मिटत आले होते. साहेबांचे शब्द तिच्या कानांवर येत होते, पण लांबून, पाण्याखालून आल्यासारखे. नीलाचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. आठही हात अजून लाल.

मावशीनं आपला शेला आणून त्यांच्यावर पांघरला. "माझीच पोरं," ती म्हणाली, "आणि मीच ऐकलं नाही."

बुवा ओट्यापाशी आले. त्यांनी चौघांच्या कपाळांना बुक्का लावला. नीलाला लावण्याआधी त्यांनी कौसल्येकडे पाहिलं, आणि तिनं मान हलवली तेव्हाच लावला. मग ते वळले. सप्ताहाचा नेम मोडायचा नव्हता. वीणा खाली ठेवायची नव्हती, नाम थांबवायचं नव्हतं. गाव टाळ सरसावून उभं होतं. ज्या गळ्यानं मांडवाचे बांबू हलायचे त्या गळ्यानं बुवा कुजबुजले,

"हळू म्हणा हो. पोरं निजली आहेत."

आणि त्या रात्री वाघडोहच्या टेकडीवर सगळ्या गावानं भजन केलं. टाळ नुसते एकमेकांना टेकवले, मृदंगावर बोटं ठेवली, आणि आवाज असा लावला, जसा आई पाळण्याशी लावते.